पुरे म्हणजे किती?

मराठी माणूस खोटं बोलण्यासाठी जे शब्द वापरतो, त्यांत 'पुरे' या शब्दाचा नंबर बराच वर लागेल. पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन समोर उभा राहतो, आपण पानावर आडवा हात धरतो आणि 'पुरे, पुरे' म्हणतो. हात मात्र असा धरलेला असतो, की बाजूनं दोन जिलब्या सहज पानात पडाव्यात. वाढपीही मुरलेला असतो. खरं 'पुरे' कुठलं आणि खोटं कुठलं, हे त्याला बरोबर कळतं. मला ते कळायला वयाची अठ्ठावन्न वर्षं जावी लागली. आणि कळलं ते पंगतीत नव्हे, इंटरनेटपायी.

त्याचं असं झालं. रविवारची दुपार होती. जेवण अंमळ जास्तच झालं होतं आणि मी नुकता कुठे डोळा मिटला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"सर, आपण सध्या शंभरवर आहात," पलीकडून एक मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली. "आपल्याला तीनशेवर घेऊ का?"

"नको, नको," मी दचकून उठलो. "गोळ्या चालू आहेत माझ्या."

मग खुलासा झाला. शंभर होता तो आमच्या घरच्या इंटरनेटचा वेग. तो तिप्पट होणार होता आणि त्यासाठी महिन्याला 'फक्त' चारशे रुपये जादा पडणार होते. हा 'फक्त' शब्द मी आजवर फक्त चेकवर लिहीत आलो आहे. तिथे तो रकमेच्या नंतर येतो आणि रक्कम वाढू नये म्हणून येतो. ही माणसं तो रकमेच्या आधी लावतात आणि रक्कम वाढवतात.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो. संकटात सापडलेला मध्यमवर्गीय पुरुष पिढ्यान्‌पिढ्या हेच वाक्य म्हणत आला आहे.

रात्री जेवताना मी घरात विषय काढला.

"बाबा, यात विचारायचं काय?" चिरंजीव म्हणाले. "घेऊन टाका." चिरंजीव घरी बसून नोकरी करतात. आमच्या वेळी घरी बसलेल्या मुलाला बेकार म्हणत. आता तोच मुलगा घरी बसतो, महिन्याला माझ्या दीडपट पगार आणतो आणि मीटिंग मध्येच अडकली की माझ्याकडे अशा नजरेनं पाहतो, की जणू तार मीच पायाखाली धरून उभा आहे.

कन्येचंही मत तेच पडलं. ऐन रहस्य उलगडायच्या क्षणी पडद्यावर जे चक्र फिरत राहतं, ते पाहून तिचं आयुष्य फुकट चाललं होतं.

"तीनशेचा डबा याच्याहून मोठा असेल का?" सौ.ने विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. राउटर नावाचा तो काळा डबा दिवाणखान्याची शोभा घालवतो, म्हणून तिनं त्याला शोकेसमध्ये पितळी समयांच्या मागे ठेवलं होतं आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. मोठ्या डब्याला नवा रुमाल विणावा लागला असता.

आई बाजूला मेथी निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला कुणी विचारलंही नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईचा आणि वेगाचा संबंध काय?

मी मात्र बोललो. भरपूर बोललो. माणसाच्या गरजांना अंत नसतो, या विषयावर बोलायला मला तयारी लागत नाही. मी थेट ययातीपासून सुरुवात केली. म्हटलं, पुरूसारख्या मुलाचं तारुण्य उसनं घेऊन त्या राजानं हजार वर्षं भोग भोगले. शेवटी त्याला कळलं काय? भोगून तृष्णा भागत नाही, वाढते.

"बाबा, त्यानं मुलाकडून तारुण्य मागून घेतलं," कन्या म्हणाली, "तुम्ही मुलाकडून दर दोन दिवसांनी पासवर्ड मागून घेता."

असल्या टोमण्यांनी मी थांबत नसतो. मी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाकडे वळलो. त्यानं १८६५ साली कोळशावर पुस्तक लिहिलं. वाफेची यंत्रं सुधारली, कमी कोळशात जास्त काम होऊ लागलं, तेव्हा कोळसा वाचायला हवा होता. जेव्हन्सनं दाखवलं की उलटंच होतं. काम स्वस्त झालं म्हणून यंत्रं वाढतात आणि एकूण कोळसा जास्तच जळतो. इंटरनेटचं तेच. वेग वाढला की चित्र अधिक स्पष्ट होतं, स्पष्ट चित्राला आणखी वेग लागतो आणि चक्र होतं तिथेच फिरत राहतं. मग गांधीजी. १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी आगगाडीवर कडक टीका केली आहे, असं मी म्हणालो. आणि पुढे आयुष्यभर देश पाहिला तो त्याच आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून, ही पुरवणी चिरंजीवांनी जोडली. पोरांना शिकवलं की असं होतं.

शेवटी मी हुकमी पान टाकलं, ते म्हणजे आमच्या वेळचा टेलिफोन. वडिलांनी टेलिफोनसाठी अर्ज केला १९७८ साली आणि फोन घरात आला १९८६ साली. आठ वर्षं! तोपर्यंत आम्ही लोकांना खालच्या मजल्यावरचा नंबर देत होतो आणि त्यापुढे 'पी.पी.' अशी अक्षरं लिहीत होतो. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून बसायचं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन प्रकार. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याहून कितीतरी पट. त्यामुळे लाइटनिंग लावायचा तो घरात कुणी गेलं तरच. बाकी आनंदाच्या बातम्या साध्या कॉलनं जात आणि बाळ रांगायला लागल्यावर पोचत. फोन आला त्या दिवशी आईनं त्याची हळदकुंकू वाहून पूजा केली, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि वडिलांनी डायलला कुलूप लावलं. भक्तिमार्ग आणि ज्ञानमार्ग दोन्ही एकाच यंत्रावर मी पाहिले आहेत.

"आणि इंटरनेट?" मी पुढे म्हणालो. सामान्य माणसासाठी इंटरनेट या देशात सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मोडेम नावाचं एक यंत्र आधी घसा साफ केल्यासारखे आवाज काढी, मग किंचाळे, मग जोडणी होई. तेवढ्यात घरात कुणी टेलिफोन उचलला की सगळं मुसळ केरात. आपल्या सरकारनं २००४ साली 'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचं ते ठरवलं, तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट हा वेग पुरेसा मानला. २०१३ साली तो ५१२ झाला आणि २०२३ साली दोन मेगाबिट. म्हणजे सरकारी व्याख्येनं आपण आजच पन्नास पट श्रीमंत आहोत. आता आणखी किती हवं? पुरे!

शेवटचा शब्द मी जरा वरच्या पट्टीत उच्चारला. जेवणं झाली होती. सगळे उठून गेले होते. समोर फक्त आई होती, मेथीच्या काड्या गोळा करत.

माणसानं एखादं तत्त्व मांडलं की त्याला आकड्यांचा टेकू लागतो. रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चांगला स्वच्छ सिनेमा पाहायला सेकंदाला साधारण पाच मेगाबिट लागतात. फारच झुळझुळीत चित्र हवं असेल तर पंचवीस धरा. चेहरा बघत बोलायला दोन-तीन. आम्ही चौघांनी एकाच वेळी जिवाच्या आकांतानं इंटरनेट वापरलं तरी बेरीज चाळिसाच्या पुढे जाईना. आता कंपनी 'बिट'मध्ये मोजते आणि आपण सिनेमाची फाइल 'बाइट'मध्ये मोजतो, हा भाग वेगळा. आठ बिटांचा एक बाइट. त्या हिशोबानं आमचे शंभर म्हणजे साडेबाराच. माझाही पगार रुपयांऐवजी पैशांत सांगितला असता, तर लग्नाच्या वेळी सासरेबुवा इतके खट्टू झाले नसते. पण तेही असो. घरात शंभर येत होते आणि गरज चाळिसाची होती. 'आम्ही चौघं' असं कागदावर लिहिताना घरात पाच माणसं आहेत, हे माझ्या लक्षात आलं नाही.

"एवढे कागद खराब करण्यापेक्षा आधी मोजा तरी," सौ. म्हणाली. "रेशनचं धान्यसुद्धा आपण घरी आणून पुन्हा तोलत होतो."

म्हणून पुढच्या रविवारी संध्याकाळी चिरंजीवांनी माझ्या फोनवर वेग मोजायची सोय करून दिली आणि मी फोन हातात धरून, भूमिगत पाण्याचा शोध घेणाऱ्या पाणाड्यासारखा, घरभर हिंडू लागलो. दिवाणखान्यात माझ्या खुर्चीत भरला त्र्याण्णव. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. चिरंजीवांच्या खोलीत निघाले एक्केचाळीस. स्वयंपाकघरात अकरा.

"भिंती," चिरंजीव म्हणाले. आमची इमारत पन्नास वर्षांपूर्वीची. चांगल्या नऊ इंची विटांच्या भिंती. बिल्डर त्या काळी भिंतीही बांधत असत. वायफायच्या लहरींना त्या मानवत नाहीत. लहरींमध्येही दोन जाती असतात. एक वेगवान, पण भिंत आली की हात टेकणारी. दुसरी संथ, पण वाट काढत जाणारी. लोखंडापुढे आणि पाण्यापुढे मात्र दोघींचंही फारसं चालत नाही. आणि आमच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या भांड्यांची भिंतभर मांडणी, फ्रिज आणि पाण्याचं पिंप असं तिन्ही एका रांगेत आहे. त्यापलीकडे आईची खोली. आईच्या भिंतीला आणखी एक लोखंडी कपाट, तिच्या लग्नातलं.

आईच्या खोलीत गेलो. आकडा आला दीड. मग शून्य. मग पुन्हा दीड.

आई खोलीत नव्हती.

ती होती बाहेरच्या दाराजवळच्या बोळकांडीत, चपलांच्या कपाटाशेजारी. बुटांची नाडी बांधायला आम्ही जे बुटकं स्टूल ठेवलं आहे, त्यावर ती पाठ भिंतीला टेकून बसली होती आणि दोन्ही हातांत फोन धरून न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीशी बोलत होती. दर रविवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ झाली की, ती इथे येऊन बसते. आम्ही रोजच्या येण्या-जाण्यात तिला तिथे पाहिलेलं होतं. आम्हाला वाटायचं, तिला दारातला वारा आवडतो.

तिचं बोलणं संपेपर्यंत मी थांबलो.

"आई, तू इथे का बसतेस गं?"

"इथे ती हलते."

"म्हणजे?"

"माझ्या खोलीत तिचं तोंड नुसतं उघडं राहतं. बोलते आहे की जांभई देते आहे, काही कळत नाही. इथे बसलं की हलते."

"कधीपासून असं आहे?"

"हे चपलांचं कपाट आणलंत त्याच्या आधीपासून."

कपाट आणून दोन वर्षं झाली होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं?" ती गुडघ्यावर हात देत उठली. "तुझ्या बाबांनी अर्ज केल्यावर फोन यायला आठ वर्षं लागली. मी वीस पावलं चालते, एवढंच."

ट्रंक कॉलच्या त्या सगळ्या गोष्टी मी गेली तीस वर्षं लोकांना ऐकवत आलो आहे. पण त्या गोष्टींचा असा उपयोग होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

चिरंजीव मनानं चांगले आहेत. ते पटकन म्हणाले, "आजी, आपण तीनशे घेऊ ना, म्हणजे तुझ्या खोलीत..." आणि मध्येच थांबले. ते प्रामाणिकही आहेत. "नाही. तीनशे घेतले तरी तुझ्या खोलीत काही येणार नाही. ते हॉलमध्येच संपतील."

"माझ्या माहेरी अगदी अस्संच होतं," आई म्हणाली. तिचं माहेर एका मोठ्या कालव्याच्या अगदी शेवटाला. "वरच्या अंगाला ऊस उभा, आमच्याकडे नुसती ओल. दर वर्षी कुणी तरी साहेब यायचा आणि सांगायचा, यंदा धरणात पाणी जास्त आहे. आमचे आबा म्हणायचे, साहेब, धरणात किती आहे ते राहू द्या, आमच्या चारीला पाळी कधी ते सांगा."

मी पुन्हा दिवाणखान्यात जाऊन बसलो. माझी खुर्ची शोकेसला लागून आहे. डोक्यावर हातभर अंतरावर तो डबा. त्र्याण्णव मेगाबिटांच्या सावलीत बसून मी आठवडाभर निरिच्छपणावर प्रवचन देत होतो. ययातीला नावं ठेवत होतो. पण ययाती निदान भोगून झाल्यावर बोलला, मी भोगता भोगता बोलत होतो. 'गरजा कमी करा' हे वाक्य ज्याच्या पानात वाढून झालं आहे त्याच्या तोंडी फार शोभून दिसतं. माझं 'पुरे' खोटं नव्हतं. मला खरंच पुरत होतं. पण ते मी सगळ्या घराच्या वतीनं म्हणालो होतो, आणि तसा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

आणि गंमत अशी, की चिरंजीवांचं 'आणखी' हेही माझ्या 'पुरे'इतकंच आखूड होतं. आम्ही बापलेक तावातावानं भांडत होतो ते घरात किती यावं यावर. आलेलं कुठवर पोचतं, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं. चारशे रुपये वाचवून मी साधा ठरलो असतो, खर्चून तो आधुनिक ठरला असता, आणि दोन्ही निकालांत आई चपलांपाशीच बसली असती. पंगतीत असंच होतं. मुखाशी बसलेल्यांच्या पानात आग्रहाच्या जिलब्या पडत असतात आणि ते 'पुरे पुरे' करून ओरडत असतात. शेवटच्या पानावरचा माणूस नुसता मठ्ठा पीत बसतो. तोही पुरे म्हणतो. त्याचं पुरे वेगळं असतं.

आमच्या शेजारी कालव्यांवर उभी नोकरी केलेले एक इंजिनियर आहेत. त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, यावर उपाय जुना आहे. पाणी सोडलं की पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करायची आणि माथ्याकडे येत जायचं. माथ्याच्या शेताला पाणी मिळेल की नाही, याची काळजी करायची नसते. कालवा त्याच्या दारावरूनच जातो.

आम्ही शेवटापासून सुरुवात केली. वडिलांच्या वेळी टेलिफोन आजच्या आईच्या खोलीत होता. त्याची तार आणायला भिंतींना पाडलेली भोकं अजून तशीच होती, वरून रंगाचे हात देऊन बुजवलेली. ती कोरून मोकळी केली आणि त्यांतून नवी तार ओढली. मराठी घरात काहीही फेकत नाहीत, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचा जुना राउटर माळ्यावर पातेल्यात सापडला. चिरंजीवांनी तो तारेच्या टोकाला जोडून आईच्या कपाटावर ठेवला. दुसरी तार स्वतःच्या टेबलापर्यंत नेली. सौ.ने दिवाणखान्यातला डबा समयांच्या मागून बाहेर काढला, त्याच्यावरचा रुमाल काढला आणि घडी करून ठेवला. या सगळ्या व्यवहारात हाच सर्वांत मोठा त्याग होता. तारा आणि किरकोळ सामान मिळून एका महिन्याच्या बिलाहून थोडा जास्त खर्च आला. आईच्या खोलीत आकडा आला पंचेचाळीस.

अर्थात सगळंच काही तारेनं सुधारत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो आणि न्यू जर्सी इथून साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे आईची हाक जाऊन ओ परत यायला सेकंदाचा आठवा हिस्सा तरी लागणारच. तो कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही योजनेत विकत मिळत नाही. तेवढं लांब मूल गेलं की तेवढं थांबावंच लागतं.

त्या गोड आवाजाच्या मुलीचा पुन्हा फोन आला. "सर, घरी विचारलंत का?"

"विचारलं," मी म्हणालो, "पण आधी चुकीच्या माणसांना विचारलं होतं." तिला काही कळलं नाही. तिनं पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करते म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी आई आपल्या खोलीत पलंगावर बसली, पाठीशी उशी घेतली आणि मला म्हणाली, "दार ओढून घे जाताना." तासभर आतून बोलण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. चपलांपाशी बसून ती कधी दहा मिनिटांच्या वर बोलत नव्हती. आम्हाला वाटायचं, माय-लेकींकडे बोलण्यासारखं फारसं उरलं नसेल.

रात्री बहिणीचा मला फोन आला.

"दादा, आईचा सकाळचा चहा साडेसातपर्यंत का होत नाही रे?"

मी गार झालो. आणखीही चार तक्रारी निघाल्या. सगळ्या बारीक, सगळ्या खऱ्या. दोन वर्षं ती ज्या जागी बसून बोलत होती, तिथे घरातला प्रत्येक माणूस येता-जाता चपला काढत-घालत होता. तिथे बसून बाई तक्रार कुणाची करणार? त्या दीड मेगाबिटात आमची अब्रू इतके दिवस सुरक्षित होती.

"आणि तिला एकदा माहेरी जाऊन यायचंय," बहीण म्हणाली. "घर पडलंय म्हणे, पण विहीर आहे. तुम्हाला सुट्टी मिळणार नाही म्हणून बोलत नाही ती."

चहा आता सात वाजता होतो. मी करतो. आणि पुढच्या महिन्यात आम्ही सगळे निघालो आहोत, कालव्याच्या कडेकडेनं, अगदी शेवटापर्यंत.